दिलेलं नाही

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी घड्याळदादा पुन्हा वही-पेन्सिल घेऊन बाकावर बसले, ते बायकोपायी. तशी गल्लीतल्यांना चेष्टेला एक विषयच मिळाला. "काय दादा, गृहपाठ झाला का?" असं कुणीतरी येताजाता विचारायचं, आणि दुकानात घड्याळ दुरुस्त करत बसलेले दादा डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणायचे, "झाला, तुझा पट्टाही झाला, घेऊन जा."

त्यांची बायको साडेतीन वर्षांपूर्वी परदेशात एका वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून गेली होती. नवऱ्याला तिच्याकडे राहायला जायचं तर त्याने इंग्रजीची परीक्षा पास केलीच पाहिजे, असा तिकडचा नियम. बोलणं, ऐकणं, लिहिणं यांत दादा कसेबसे निभावून गेले. वाचनात मात्र दोनदा आपटले. दोन्ही वेळा अर्ध्या गुणाने.

क्लास स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत होता. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. आवाज खणखणीत, बोटं कायम खडूने पांढरी. बाकीचे विद्यार्थी सगळे विशीतले. दादांना ते काका म्हणायचे आणि खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवायचे.

व्याकरण दादांना जड जायचं नाही. एखादा काळ चुकलाच, तर बाई म्हणायच्या, "घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा काळ चुकतो म्हणजे कमालच झाली!" आणि वर्ग हसायचा. दादांचं दुखणं वेगळंच होतं. उतारा समोर आला की ते त्यात शिरायचे आणि बाहेर यायलाच तयार नसायचे. साठ मिनिटांत तीन उतारे, चाळीस प्रश्न. आणि हे पहिल्याच उताऱ्यातल्या माणसाचं पुढे काय झालं असेल, या विचारात.

त्यातून तो एक प्रश्नांचा प्रकार. खाली विधानं दिलेली असत आणि प्रत्येकापुढे लिहायचं: खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलं नाही. दादांच्या कागदावर हे तिसरं उत्तर कधी म्हणून उमटत नसे.

एकदा बाईंनी दीपगृहाच्या रखवालदाराचा उतारा दिला. बेटावर एकटा राहणारा माणूस. दिव्याची काच पुसतो, तेल बघतो, दर आठवड्याला बायकोला पत्र लिहितो. खाली विधान होतं: रखवालदाराला बायकोची आठवण येत असे. दादांनी ठामपणे लिहिलं, खरं.

"चूक," बाई म्हणाल्या. "दिलेलं नाही."

"दिलेलं कसं नाही, बाई? दर आठवड्याला पत्र लिहितो तो."

"पत्र लिहितो एवढंच दिलंय. आठवण येते असं कुठल्या ओळीत आहे, दाखवा."

"अहो, पण आठवण आल्याशिवाय कुणी दर आठवड्याला..."

"दादा, कदाचित हिशेब कळवत असेल. कदाचित सवय असेल. ते आपल्याला माहीत नाही. आणि माहीत नसलेलं लिहायचं नाही." मग बाईंचा आवाज जरा खाली आला. "गोष्टीत शिरू नका. उत्तर उचला आणि बाहेर पडा. तुम्हाला तिकडे जायचंय ना?"

दादांनी मान हलवली. पण घरी जाताना वाटभर ते मनातल्या मनात बाईंशी भांडत होते.

घरी सासूबाई होत्या. लेक परदेशी गेल्यापासून त्या इथेच राहायच्या. जावई एकटा काय शिजवून खाणार, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण दादांनी शब्दांची वही उच्चारासकट मराठी लिपीत उतरवली होती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सासूबाई चष्मा लावून ती वही धरायच्या.

"जावईबापू, रिलक्टंट."

"नाखूश. मन नसलेला."

"बरोबर. अबॅन्डन."

दादा अडखळले.

"सोडून देणे! काल पण हाच चुकलात. सोडून द्यायचं काही तुमच्या ध्यानातच राहत नाही बघा." आणि स्वतःशीच हसून, "इतकं इंग्रजी आमच्या ह्यांनी अख्ख्या जन्मात ऐकलं नसेल."

रविवारी तीन वाजता फोन यायचा. बायकोला मधली सुट्टी वीस मिनिटांची. पहिली दहा आईची, उरलेली दादांची.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"झालं. थंडी आहे का?"

"आहे थोडी. दुकान काय म्हणतंय?"

मनात हजार गोष्टी असायच्या, पण तोंडातून यायची ती थंडी आणि दुकान. फोन ठेवला की दादांना वाटायचं, यातलं कुठलं उत्तर खरं आणि कुठलं आपल्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं? मग ते भिंग लावून एखादं घड्याळ उघडून बसायचे. आत सगळं दिसायचं तरी. कुठलं चाक अडलंय, कुठली स्प्रिंग दमलीय, कळायचं.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनी वही पिशवीत घालून दिली. "आत न्यायला देत नाहीत," दादा म्हणाले. "दारापर्यंत तर न्या," त्या म्हणाल्या.

पहिले दोन उतारे दादांनी झपाझप उरकले. एक मधमाश्यांवर होता, एक पुलांच्या बांधणीवर. त्यात शिरायला जागाच नव्हती. तिसरा मात्र समुद्रकाठच्या एका मासळीच्या कारखान्याचा निघाला. तिथे दूरदूरच्या गावांतून बायका कामाला यायच्या, एका खोलीत आठ-आठ जणी राहायच्या, घरून आलेली पत्रं रिकाम्या डब्यांत जपून ठेवायच्या. दादांची पेन्सिल थांबली. त्या आठ खाटांतल्या एका खाटेवर त्यांना बायको बसलेली दिसली, पांघरुणाची घडी घालताना. ती घडी घालण्याआधी पांघरूण दोनदा झटकायची.

भानावर आले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे गेलं होतं. शेवटचं विधान होतं: या स्त्रिया घरापासून दूर दुःखी होत्या.

दादांनी उतारा पुन्हा चाळला. दुःखी कुठेच नव्हतं. पत्रं होती, डबे होते. आयुष्यात कुणाबद्दल एवढं खोटं बोलल्यासारखं त्यांना वाटलं नव्हतं. तरी त्यांनी लिहिलं, दिलेलं नाही, आणि पान उलटलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पास. वाचनात लागत होते त्याहून एक गुण जास्त.

रविवारी फोनवर आधी त्यांनी तेच सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बायको हळूच म्हणाली, "आणि आई?"

सासूबाईंना तिकडे नेता येणार नव्हतं, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं. पण दादा पास होतील हेच खरं वाटत नव्हतं, त्यामुळे पुढचं कुणी बोललंच नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी सरळ फोन काढून घेतला.

"आईचं काय व्हायचंय? धाकटी मावशी येणार आहे माझ्यासोबत राहायला. केव्हाच ठरलंय आमचं."

"केव्हा ठरलं?" दादांनी विचारलं.

"तुम्ही दुसऱ्यांदा नापास झालात तेव्हा."

"नापास झालो तेव्हा?"

"मग! माझा भरवसा होता तुमच्यावर. तुमचाच नव्हता."

कागदपत्रांना पाच महिने लागले. दुकान दादांनी एका जुन्या सहकाऱ्याकडे सोपवलं. सोबत घेतलं ते फक्त भिंग आणि बारीक चिमटा. निघताना सासूबाई दारात उभ्या होत्या. रडायचं नाही म्हणून सूचनाच देत राहिल्या. "पोचलात की कळवा. आणि ती वाळली असेल, पण लगेच बोलून दाखवू नका." रिक्षा वळेपर्यंत त्या आत गेल्या नाहीत. धाकटी मावशी त्यांच्या मागे उभी होती, तरी दादांना त्या एकट्याच दिसल्या.

दादा पोचले त्या दिवशी बायकोला सुट्टी मिळाली नव्हती. किल्ली खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे ठेवली होती. बसमध्ये दादांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं, नम्र, लांब, सगळे काळ जागच्या जागी. दार उघडलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "की. वाइफ. माय."

म्हातारा हसला. किल्ली त्याच्या हातातच होती. तो म्हणाला, आज सकाळपासून मी तुमचीच वाट बघतोय, तुमची बायको गेले पाच महिने दुसरं काही बोलतच नाही. दादांना शब्द न् शब्द कळला. त्यांनी "थँक यू" म्हटलं आणि जिना चढताना कठडा घट्ट धरला.

खोली लहान होती. एक अरुंद खाट, एक खुर्ची, दारामागे लटकलेला गणवेश. मोरीशेजारच्या फळीवर एक कप, एक ताटली, एक चमचा, धुऊन पालथे घातलेले. दादा त्या कपाकडे बराच वेळ बघत राहिले. चार वर्षं रोज एकच कप विसळायचा, पुसायचा, पालथा घालायचा. हे फोनवर कधी आलं नव्हतं. ते कशालाही हात न लावता खुर्चीवर बसून राहिले.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. ती दारात आली आणि थबकली. केस पिकले होते. दादांनी सासूबाईंची सूचना आठवून काहीच म्हटलं नाही. तीही पाहुण्यासमोर अवघडावं तशी अवघडली.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"कप एकच आहे गं."

"हो की," ती म्हणाली. मग तिने चहा केला, दोघं खाटेवर बसली, आणि कप इकडून तिकडे फिरू लागला. ती आईबद्दल विचारत होती, मावशी नीट वागते का, गुडघ्याचं तेल संपलं का. एका प्रश्नाचं उत्तर दादा देत होते, तेवढ्यात तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं. दिवसभराच्या उभ्या कामाने तिला गाढ झोप लागली होती. पायांतले बूटसुद्धा तसेच होते.

दादा हलले नाहीत. हातातला चहा निवत गेला. ती इतकी जवळ होती की तिचा श्वास मानेला लागत होता, आणि तरीही त्यांना तिची फार फार आठवण येत होती.