बांधावरची हाक

छाय-हाची मुलगी लग्न होऊन गाओशोंगला गेली, त्या सालची ही गोष्ट. मुलगी गेली तशी माडीवरची खोली रिकामी झाली. खिडकी उघडली की समोर समुद्र. उन्हाळ्यात तैपेईचे पाहुणे इथे पेंगहूच्या बेटांवर येतात, त्यातले एखाददुसरे भाड्यानं ठेवून घ्यावेत, असं छाय-हाच्या मनात आलं होतं. मनात आलं ते मनातच राहिलं. तोवर समोरच्या घरात तिच्या धाकट्या जावेनं, सो-लाननं, कोंबड्यांचं खुराडं पाडून दोन खोल्या काढल्या, खिडक्यांना निळा रंग दिला आणि विमानतळावर जाऊन पाहुणे घेऊनही आली.

"खोली रिकामी झाली माझी," छाय-हा नवऱ्याला म्हणाली, "आणि पाहुणे आले हिच्याकडे."

तिअन-लाय अंगणात जाळं शिवत बसला होता. "मग तूही जा विमानतळावर."

"मी? हात हलवत उभी राहू? या बसा, या बसा म्हणत?"

"सो-लान तेच करते."

"तिला लाज नाही."

"तिला पाहुणे आहेत," तिअन-लाय म्हणाला, आणि दातानं दोरा तोडला.

सो-लान पाहुण्यांना सगळीकडे हिंडवी. सकाळी जुना वड, मग काळ्या खांबांसारखे उभे असलेले कडे, दुपारी निवडुंगाच्या बोंडांचा लालभडक बर्फ, संध्याकाळी नावेतून माकूल मासळी धरायला. घरी आल्यावर भोपळा घातलेल्या तांदळाच्या शेवया. अंगणात हसण्याचा असा गलका होई की छाय-हाला आपल्या घरात भांडं खाली ठेवलं तरी त्याचा आवाज एकटा वाटे.

एकदा सो-लानकडे जागा पुरेना. तिनं तीन पोरी छाय-हाकडे पाठवल्या. छाय-हाच्या डोक्यात तिडीक गेली. उष्टे पाहुणे! तरी तिनं त्यांना रताळ्याची पेज आणि सुकी मासळी वाढली. त्यातली एक पोर केस धुवायला बसली ती उठेचना, तेव्हा छाय-हा दाराशी जाऊन म्हणाली, "बाई, हे विहिरीचं पाणी आहे. तुझ्या केसांसाठी आम्ही समुद्र पिऊ काय?" रात्र व्हायच्या आत तिघी गाशा गुंडाळून सो-लानच्या ओसरीवर झोपायला गेल्या.

पण हे सगळं छाय-हानं गिळलं असतं. गिळवलं नाही ते बांधाचं.

गावाच्या उत्तरेला, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या काळापासूनचा दगडी बांध आहे. भरतीला मासे आत येतात, ओहोटी लागली की बांधाच्या पोटात अडकतात. गावातल्या बारा घरांचा त्यात वाटा. कुणाचा मान कोणत्या दिवशी, ते वर्षारंभी देवळात चिठ्ठ्या काढून ठरतं. ज्याचा मान त्याचा पहिला पाय. त्यानं जाळं फिरवून झालं की तो किनाऱ्याकडे तोंड करून हाक देतो, मग उरलेलं वेचायला कुणीही यावं. हाकेच्या आधी कुणी पोटात पाय टाकला, तर त्या घरानं वर्षभर बांधावर फिरकायचं नाही, वर देवळापुढे बाहुल्यांचा खेळ लावायचा. हा नियम समुद्र राखणाऱ्या मात्सूदेवीच्या साक्षीनं केलेला आहे, आणि तो मोडल्याचं छाय-हाला आठवत नव्हतं.

या बांधाचे वादळात पडलेले दगड छाय-हानं सासऱ्यांच्या बरोबरीनं उचलले होते. सो-लान तेव्हा मागोंग शहरातल्या दुकानात कापड मापत होती. आणि आता सो-लान पाहुण्यांना घेऊन काठावर उभी राही आणि सांगे, "हा आमच्या मामंजींचा बांध."

त्यात तो फोटो आला. तैपेईचा एक फोटोवाला सो-लानकडे उतरला होता. त्यानं बांधावर दगड बसवणाऱ्या बाईचा फोटो काढला आणि तो मासिकात छापून आला. उन्हावाऱ्यात काम करायचं म्हणून बायका डोळे सोडून सगळं तोंड फडक्यानं बांधतात, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. ती छाय-हा होती. खाली नाव होतं सो-लानचं.

सो-लाननं तो कापून चौकटीत बसवला.

"ताई, मी सगळ्यांना सांगते हं, की ही माझी जाऊबाई," सो-लान म्हणाली.

"मग भिंतीवर तुझ्या का लावलाय?"

"अगं, पाहुणे माझ्या भिंती बघतात ना!"

छाय-हा घरी आली आणि तिनं दुपारचं जेवण टाकून दिलं. आपलीच पाठ, आपलेच हात, आणि नाव दुसरीचं. तिअन-लाय म्हणाला, "तोंड बांधलेलं असताना काढलेला फोटो आहे. तुझा काय, माझा म्हणूनही खपेल."

"तुला कुणी विचारलं?"

"तेच तर. मला कुणीच विचारत नाही, म्हणून मी सुखात आहे."

चौथ्या चांद्रमासात छाय-हाचा मान आला. सकाळी ती जाळं घेऊन निघाली, तर सो-लान दारातच. मागे पाहुण्यांचा घोळका, प्रत्येकाच्या हातात लाल बादली.

"ताई, तुझी हाक आली की यांना आत आणते. लांबून आलेत बिचारे. जरा लवकर दे हं."

लवकर दे! छाय-हानं फडकं बांधलं, गाठ मारली आणि चालू लागली.

पोटात बारीक चंदेरी मासळी पुष्कळ होती. तिनं जाळं फिरवलं, टोपली भरली. आता किनाऱ्याकडे वळून हाक द्यायची. ती वळली, काठावरच्या लाल बादल्या पाहिल्या आणि परत पाठ फिरवली. मान तिचा होता. हाक कधी द्यायची, ते कुठल्या नियमात लिहिलं होतं? जाळं पुन्हा फिरवलं. रिकामं आलं. पुन्हा फिरवलं. काठावरच्यांना ऊन लागू दे, पोरं रडू देत, परत जाऊन सांगू देत की सो-लानबाईंनी काहीच दाखवलं नाही.

पण थोड्या वेळानं वाऱ्यावरून हसणं ऐकू आलं. तिनं वळून पाहिलं. सो-लाननं चादर अंथरून शेवयांचं पातेलं मधे ठेवलं होतं, आणि ती उभी राहून छाय-हाकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होती. मानाच्या बाईची हाक आल्याशिवाय मोठ्यात मोठा माणूसही आत जात नाही, असलंच काही. पाहुणे माना डोलावत होते. दोघातिघांनी कॅमेरे काढले. छाय-हाचं न बोलणंसुद्धा तिनं पाहुण्यांना बघायला लावलं होतं!

मग तर छाय-हा हटेचना. समुद्र फिरला, गुडघ्याला पाणी आलं, तरी ती पोटात तशीच. देवळाचा कारभारी म्हातारा गो-चुई काठावर येऊन हात हलवू लागला, तेव्हा कुठे ती टोपली उचलून बांधावर चढली. चढता चढता पायाखालचा दगड कलला. तिचा पाय दोन दगडांत घसरत घोट्यापर्यंत गेला आणि वरून तिसरा बसला. टोपली वाहून गेली. तिनं पाय ओढला. दगडांवरच्या कालवांच्या धारेनं कातडं सोललं, पण पाय निघेना.

पाणी मांडीला आलं. बांधाच्या माथ्यावरून कुणीतरी धावत येत होतं. सो-लान. पोटाच्या तोंडाशी ती थबकली.

"ताई! हाक दे! हाक दे, मी येते!"

एक हाक. "ओ" म्हटलं तरी पुरे होतं. छाय-हानं दात घट्ट आवळले. हिनं सांगितलं म्हणून हाक द्यायची? लाट कमरेवर आपटली.

"अगं दे ना! सगळे बघतायत! माझं घर बसेल!"

छाय-हानं मान फिरवली.

सो-लाननं एकदा काठाकडे पाहिलं, एक कचकचीत शिवी दिली आणि पोटात उडी टाकली.

दोघींनी मिळून तो दगड हलवला. छातीभर पाण्यातून सो-लाननं तिला पाठीवर घेऊन आणलं. काठावर पाहुणे टाळ्या वाजवत होते, काहीजण रडत होते. गो-चुई मात्र टाळ्या वाजवत नव्हता.

संध्याकाळी देवळात बारा घरं जमली. छाय-हाला खुर्चीत बसवून आणलं होतं. ती आत आली तेव्हा कुणाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. सगळे सो-लानकडे पाहत होते, जशी काही देवीच गाभाऱ्यातून उतरून बाकावर बसली होती. "जाऊ असावी तर अशी," एक म्हातारी म्हणाली. "वर्षाचं पोट गेलं, पण माणूस वाचवलं."

गो-चुई घसा खाकरून म्हणाला, "सो-लान, हाकेआधी पाय टाकलास?"

"टाकला."

"हाक ऐकली होतीस?"

"नाही ऐकली, काका. खोटं कशाला बोलू? नियम तो नियम. खेळाचा खर्च देईन."

देवळात हळहळ पसरली. कुणी बाहीनं डोळे पुसले. हिचं घर बसावं म्हणून जे छाय-हानं महिने न् महिने मागितलं होतं, ते समोर ताटात वाढून आलं होतं. नुसतं गप्प राहायचं. पण गप्प राहिलं, तर ही वर्षभर दारात बसेल आणि गाव तिच्या पाया पडेल. पाहुणे बांध बघायला नाही, हिला बघायला येतील. जावेसाठी सगळं सोडणारी बाई. आणि जाऊ कोण? ती, जिनं हाक दिली नाही.

"दिली होती," छाय-हा म्हणाली.

सगळे वळले.

"काय दिली होती?"

"हाक. मी हाक दिली होती. मग ती आली. त्यात तिनं मोठंसं काय केलं? हाक दिल्यावर शेंबडं पोरही येतं."

"ताई..." सो-लान उभी राहिली. "तू नव्हती दिलीस."

"तुझे कान फुटलेत."

"आम्हीही नाही ऐकली," मागून कुणीतरी म्हणालं.

"वारा तुमच्याकडून होता. मान माझा होता की तुमचा?"

गो-चुईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. हाकेच्या बाबतीत मानकऱ्याचा शब्द शेवटचा, हेही देवीसमोरच ठरलेलं होतं. त्यानं उदबत्ती लावली आणि सांगितलं, "हाक दिली होती. विषय संपला. घरी जा."

खेळ लागला नाही. सो-लानचा मान राहिला, तिचे पाहुणे येत राहिले. देवळातून परतताना तिअन-लायनं हातगाडी ढकलली, छाय-हा वर बसली होती, सो-लान बाजूनं चालत होती.

"ताई, इथे कुणी नाही. खरं सांग."

"दिली होती."

"माझ्यासाठी खोटं बोललीस ना?"

"तुझ्यासाठी?" छाय-हा गाडीत ताठ झाली. "तुझ्यासाठी मी मिठाचा खडा उचलणार नाही."

तिअन-लाय हसू लागला तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली. त्यानंतर कुणीही, कधीही विचारलं, तरी छाय-हाचं उत्तर तेच राहिलं. पाय कायमचा थोडा वाकडा राहिला. दर उन्हाळ्यात निळ्या खिडक्यांमधून हसणं ऐकू आलं की ती आपली खिडकी आपटून लावी, आणि सो-लान तिकडून ओरडे, "ऐकली गं ताई, ऐकली!"

सो-लान २०११ च्या हिवाळ्यात, वाऱ्याच्या दिवसांत वारली. छाय-हा २०१४ च्या सहाव्या चांद्रमासात गेली, पाहुण्यांच्या हंगामात.