पडद्याआडची जागा

"तर मग ठरलं. पंचायतीला नावं हीच, बिनविरोध," देवळात जमलेल्या गावापुढं महिपत गावकर म्हणाले आणि उठायला लागले.

"माजा पन नाव घाला," खांबामागून आवाज आला.

खालच्या वाडीतली तुळसा उभी होती. गिरणीचा संप फिसकटल्यापासून नवरा मुंबईत हमाली करायचा. ही एकटी दोन खाचरं कसत होती.

"काय गो, खुळी झालीस?" महिपत हसले. "ह्या गावात पंचायतीला कधी मतदान झालंला नाय."

"म्हनून तं वहाळ ओलांडायला साकव झालेला नाय. गेल्या पावसात वहाळाचं पानी उतरना, माजी जाव सखू बाळतपनात अडून ह्या काठालाच मेली. पोटातल्या पोरासकट."

तुळसा दुसऱ्या दिवशी तालुक्याला, देवरुखला जाऊन अर्ज भरून आली. मागं घेईना, तेव्हा गावानं तिला वाळीत टाकलं. तिच्याशी बोलेल त्यालाही तीच शिक्षा. शेजारणी तिला बघून दार लोटून घेऊ लागल्या. रात्र झाली की तिला वाटे, आपण हे काय करून बसलो!

मतदानादिवशी शाळेच्या खोलीत एका बाकावर तिच्याविरुद्ध उभे असलेले महिपत बसले, दुसऱ्यावर तुळसा. पहिलं मत तिनंच दिलं. आपल्याला हे एवढंच पडायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. वरच्या वाडीतले पुरुष येत होते, महिपतांना हात जोडून जात होते.

दुपारी तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं आणि ती उभीच राहिली.

तापलेल्या कातळावरून खालच्या वाडीतल्या बाया येत होत्या. एकीमागं एक, ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून, जत्रेला निघाल्यासारख्या. सगळ्यांत पुढं म्हातारी जनी, काठी टेकत. त्या आत आल्या. तुळसाकडं एकीनंही पाहिलं नाही.

जनीनं अंगठा दिला, मतदान घ्यायला आलेल्या साहेबांकडून कागद घेतला आणि पडद्याशी थबकली. "सायेब, आत मी काय करतंय ता गावकरांस दिसंल?"

"नाही आजी. कुणालाच दिसणार नाही. मलासुद्धा नाही."

"माज्या झिलास?"

"तुमच्या मुलालाही नाही."

म्हातारी आत गेली ती बाहेर येईना. साहेबांनी हाक मारली, "आजी, झालं का?"

"शिक्का कवाच मारलाय," आतून आवाज आला. "वाईच उभी ऱ्हाऊं दे. ऐंशी वर्सांत अशी जागा गावली नव्हती, जिथं मना कोन बगीत नाय, कोन कायव सांगीत नाय."

तुळसा पडद्याकडं बघत राहिली. एक फाटका पडदा, मागं बाक, बाकावर शिक्का. पण त्या पडद्यापुढं महिपत गावकरही हात मांडीवर ठेवून, देवापुढं बसावं तसे बसले होते.

तुळसा हरली. पण तिला शंभरावर मतं पडली होती. त्या संध्याकाळी महिपतांनी गाव बोलावला. "कोनी दिली तिला मतं?" त्यांनी एकेका तोंडाकडं पाहिलं. सगळी तोंडं सारखीच. वाळीत टाकायचं तरी कुणाला? शेवटी ते कंदील घेऊन घरी गेले.

सकाळी तुळसा झऱ्यावर गेली. बाया होत्या; बोललं कुणीच नाही. तिनं हंडा भरला, उचलायला वाकली. मागून कुणीतरी हात लावला आणि हंडा अलगद तिच्या डोक्यावर चढला.

हात कुणाचा, हे तिनं वळून पाहिलं नाही.