बईरा आणि पाटावरचे उंट

मी एक जुना शब्द आहे, बईरा. कपाळाला आठ्या घालू नका, मित्रांनो. तुमच्या पणजोबांचे पणजोबा नव्हते, तेव्हा अरामी भाषेत माझा रुबाब होता. गोठ्यातली, कुरणातली सगळी गुरंढोरं माझ्या एका हाकेत मावत. माझ्या बहिणीही नावाजलेल्या घरी पडल्या. हिब्रूतली बेईर माझ्यासारखीच गुराढोरांची राहिली. अरबीतली बईर उंटाची झाली. इथिओपियाच्या जुन्या भाषेतली बेराय बैलाची. पुढे मला बोलणारे कमी होत गेले आणि मी एका जाड पुस्तकात पडून राहिलो. विचारायला कुत्रं आलं नाही.

आली ती श्रुती. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातली सून, जुन्या भाषांवर प्रबंध लिहिणारी. तिनं मला उजेडात आणलं, आणि नेमकं पोळ्याच्या दिवशी माझ्या जिवावर बेतलं. तिच्या मार्गदर्शक कुमुदिनी मॅडम फोनवर म्हणाल्या, "कुठे उंट, कुठे बैल! एका घरचे असतील तर धागा दाखव. संध्याकाळी फोन करते. नाही जमलं तर हा शब्द गाळून टाक."

गाळून टाक! मी काय चहाचा चोथा आहे?

श्रुती दिवसभर पानं उलटत राहिली. धागा सापडेना. उन्हं उतरली. इकडे सासूबाई, दुर्गाबाई, पाट मांडून बसलेल्या. या घरी गोठा कधीचाच नाही, पण मातीच्या बैलजोडीची पुरणपोळी एकदाही चुकली नव्हती. तेवढ्यात त्यांचा मुलगा पुष्कर आला आणि त्याच्या पिशवीतून निघाले दोन मातीचे उंट!

"आई, बैल खत्म झाले. दुकानवाला बोलला, यही बचे हैं."

"सकाळपासून कानीकपाळी ओरडतेय, जा, जा! आता उंटांना ओवाळू? शेजारच्या विजयाबाई वर्षभर हसतील. उचल ती सोंगं!"

पाट रिकामा. पुरण गार होत चाललेलं. फोनची वेळ झालेली. श्रुती उठून आली.

"आई, राहू द्या ना. मुरैन्याकडे मी पाहिलंय, चंबळच्या वाळूत उंटच ओझं ओढतो. त्या घरांचा बैल तोच. पोळा काय शिंगांचा असतो? राबणाऱ्याचा असतो."

बोलली आणि तिथेच थबकली. ज्या घरासाठी जी जनावरं राबतात, तीच त्या घरची गुरं. अरबांकडे उंट, इथिओपियात बैल. धागा तिच्याच तोंडून निघाला होता.

फोन वाजला. श्रुती भरभर बोलली. मॅडम म्हणाल्या, "पुरावे जोडावे लागतील. पण राहू दे त्याला."

दुर्गाबाई तोवर उंटांना कुंकू लावत होत्या. "राबता ना? मग बसा. माना तेवढ्या खाली घ्या मेल्यांनो, निरांजनात येताय." मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "आणि तुझा तो म्हातारा शब्द, त्याच्याही नावची एक पोळी ठेव. इतक्या लांबून आलाय, उपाशी नको जायला."

मित्रांनो, पुरणाची चव मला काय कळणार? पण माझ्यासाठी असं पान कुणी मांडलं नव्हतं. तुमच्या घरीही एखादा जुना शब्द कोपऱ्यात बसला असेल. त्याला हाकलण्याआधी एवढं विचारा, बाबा रे, तू कुणासाठी राबलास?