भिंतीपलीकडचे गुद्दे

"त्याच्याशी हवं तेवढं भांड, पण पोलिसांना बोलावू नकोस. इथे ते नुसतं भांडण मिटवून जात नाहीत, घरात काय काय आहे तेही बघतात," असं वरच्या मजल्यावरच्या नीलाताईंनी बजावलं होतं. चारुशीलाने ते कानाआड केलं. नीलाताईंचं काय, त्यांची मुलं मोठी झालेली.

आखातातल्या फहाहीलच्या त्या इमारतीत गॅरी तिच्या भिंतीपलीकडे राहायचा. जवळच्या मीना अब्दुल्ला बंदरातल्या रिफायनरीत पाइप तपासणारा साठीचा इंग्रज, आणि सुट्टीला माणसाएवढा उभा बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, बडवणारा. तरुणपणी त्याचा सायकोबिलीचा बँड होता, म्हणजे जुन्या रॉक अँड रोलला भुताखेतांचे मुखवटे चढवून घातलेला धिंगाणा. एक रेकॉर्ड निघाली, हॉलमधल्या खुर्च्या मोडल्या, एकेका गावाने बंदी घातली आणि बँड फुटला. आता म्हणे पुन्हा एक शो ठरला होता, त्याच्या तालमीला गायक रॉय इंग्लंडहून आला होता.

तान्ह्या ओवीचा जरा डोळा लागला की भिंत दणाणायची. चारुशीला तरातरा जाऊन दार वाजवायची. गॅरी म्हणायचा, तुझं बाळ आमच्या रॉयपेक्षा बेसूर आहे. तीही ऐकवायची, स्मशानात जाऊन वाजव.

त्या शुक्रवारी दुपारी त्याचं दार उघडंच होतं. रेकॉर्ड लागलेली आणि दोघे उघडेबंब म्हातारे एकमेकांना गुद्दे घालताहेत. रॉयच्या ओठातून रक्त. ओवीला उराशी धरून तिने फोन लावला.

पोलीस आले. मारामारी नव्हतीच, पण न्हाणीघरात आंबवलेल्या द्राक्षरसाच्या बादल्या सापडल्या, म्हणजे घरची दारू, आणि इथे दारूला बंदी. दोघांनाही नेलं.

तिचा नवरा आलोक गॅरीच्याच खात्यातला. संध्याकाळी तो बूटही न काढता आत आला.

"अगं, नाच असतो तो त्यांचा. गुद्दे मारायचे, पडला की उचलायचं. शो गेला, नोकरी गेली. आता देशाबाहेर काढतील."

"मला रक्त दिसलं."

"तुला त्याला घालवायचंच होतं."

"हो, होतं. पण असं नाही."

रॉय परत गेला. गॅरी अजून कोठडीत आहे. इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, त्याचं घर रिकामं करताना फ्रिजमधली इन्सुलिनची पेनं चारुशीलाच्या हातात कोंबली. शेजारी ना तुम्ही, म्हणाला.

गॅरी तिला आजही नकोसाच आहे. पण ती नातेवाईक नाही, तिला आत सोडत नाहीत, आणि आलोक तिच्याशी बोलत नाही. तेव्हा हे वाचणाऱ्यांना तिचं एवढंच सांगणं: तुमच्यापैकी कोणाची त्या कोठडीत ओळख असेल तर एकदा जाऊन त्याला बघून या. तो शिव्या देईल, देऊ दे. औषध मिळतंय का, तेवढं विचारा.