डॉक्टर होईपर्यंतची अमानत

मित्रांनो, मला कपाटावर पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, हा साबण ठेवायचा मोठा डबा असावा. माझा रंग कधीकाळी पांढरा होता. आता तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे. एक कोपरा फुटलेला आहे. पण मी डबा नाही. मी टीव्ही गेम आहे, आणि तोही जुन्यातला जुना. माझ्या डोक्यावरच्या खाचेत कॅसेट बसवायची, वायर टीव्हीला लावायची, रिमोट हातात घ्यायचा, की पडद्यावरचा छोटा माणूस तुम्ही म्हणाल तशा उड्या मारू लागतो. कॅसेट लागली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. हे शास्त्र मला कोणी शिकवलं नाही. प्रत्येक पोराला ते जन्मतःच येत होतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. खोक्यात बसलो आणि सोलापूरच्या एका दुकानात बाहेर निघालो, एवढंच. तिथून मला औशाच्या एका माणसाने आपल्या मुलासाठी नेलं. मुलाचं नाव शरणप्पा. तो तेव्हा तिसरीत होता. पहिल्या दिवशी त्याने मला शेजारी घेऊन जेवण केलं.

मग भूकंप झाला. लोक गणपती बोळवून येऊन झोपले होते. मी कपाटावरून खाली पडलो, तेव्हाच हा कोपरा गेला. आमच्या गल्लीत भिंती तडकल्या, पण माणसं वाचली. तिकडे किल्लारीच्या बाजूला जे झालं ते माझ्यासारख्या खेळण्याने सांगू नये. ते ज्यांनी भोगलं ते सांगतील.

त्यानंतर कितीतरी दिवस कोणी घरात झोपत नव्हतं. सगळी गल्ली मोकळ्या मैदानात होती. पण पोरं कुठे ऐकतात? मोठ्यांचा डोळा चुकवून ती तडकलेल्या घरात शिरायची आणि मला सुरू करायची. शरणप्पाची आई साखराबाई हिने दोनदा कान पिळून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा तिने कान सोडले आणि टीव्हीच उचलला. शेजारच्या बाईच्या मदतीने तो मैदानात आणला, ताडपत्रीखाली ठेवला, वायर ओढून घेतली आणि म्हणाली, "घ्या मेल्यांनो. काय उड्या मारायच्या त्या हितं मारा. पण घरात पाय टाकला तर टांगच मोडीन!"

मित्रांनो, त्या ताडपत्रीखाली मी जेवढा खेळलो तेवढा पुन्हा कधी खेळलो नाही. मोठी माणसंही मागे उभी राहून बघायची. छोटा माणूस खड्ड्यात पडला की सगळं मैदान "अरारारा" करायचं. जमीन मधूनच थोडी हलायची. पोरं माना वर करायची, आईकडे बघायची आणि पुन्हा खेळायला लागायची.

शरणप्पा दहावीला चांगले मार्क घेऊन पास झाला. त्या काळात चांगल्या मार्कांचं पोर सरळ लातूरला जात असे. शिकवण्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या भरल्या होत्या. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं येत होती आणि प्रत्येकाच्या आईच्या मनात एकच होतं, डॉक्टर. शरणप्पा गेला तसा मीही गेलो. पण राजरोस नाही. त्याने गादीची शिवण उसवली, मला कापसात घातलं आणि वरून टाके घातले. खोली मिळाली ती लालमहंमद चाचांच्या माडीवर. चाचा गाद्या भरायचे आणि त्यांची बायको बिलकीस खाला पोरांना डबे द्यायची.

एकदा साखराबाई मुलाला भेटायला आली. गादीवर बसली आणि टुणकन उठली. गादी खाली आणून ती चाचांना म्हणाली, "चाचा, हिच्यात गाठी झाल्यात बगा. पोराला झोप लागत न्हाई, तर अभ्यास कसा हुईल?"

चाचांनी गादीवरून हात फिरवला. "बाई, ही गाठ कापसाची न्हाई."

त्यांनी शिवण कापली आणि कापसात माखलेला मी सगळ्यांसमोर आलो. माझ्या मागून रिमोट आला. मग कॅसेट आली.

"हे काय रे?" साखराबाईने विचारलं.

"माय, ते... उशीखाली उंच लागतं म्हणून."

खालाला हसू आवरेना. साखराबाईला मात्र हसू आलं नाही. तिने मला उचलून खालाच्या हातात दिलं. "खाला, हे तुमच्यापाशी ठिवा. अमानत समजा. ह्यो डॉक्टर झाला की मगच द्यायचं. त्याच्या आदी म्या सोता मागितलं तरी देऊ नका." एवढं बोलून ती एसटी गाठायला निघून गेली.

अमानत म्हणजे दुसऱ्याची विश्वासाने ठेवलेली वस्तू. ती विकायची नाही, कोणाला द्यायची नाही, हरवायची नाही. खालाने मला पुसून कपाटात ठेवलं. शरणप्पा पुढे डॉक्टर झाला नाही. बारावीनंतर तो औशाला परत गेला. खालाने दोन-तीन वेळा औशाच्या पोरांबरोबर निरोप धाडला, गेम घेऊन जा. त्याचा उलट निरोप यायचा, "खाला, अजून डॉक्टर झालो न्हाई." निरोप हसत दिलेला असायचा, पण तो स्वतः कधी आला नाही.

आता एक आतली गोष्ट सांगतो. दुपारी डबे गेले, भांडी झाली, की खाला मला बाहेर काढून घरच्या टीव्हीला लावायची. चाचा गादी शिवत समोर बसलेले असायचे.

"बिलकीस, अमानत हाय ती. वापरायची नसती."

"वापरते कुठं? चालू हाय का बंद पडला, ते बघते."

हे बघणं तासभर चालायचं. आणि मित्रांनो, खाला काय खेळायची! खेळातल्या ज्या नदीत शरणप्पा नेहमी बुडायचा तिथून ती हसत पलीकडे जायची. चाचा सुई थांबवून सांगायचे, "आता उडी! आता! अगं मागं सर!" पण त्यांनी रिमोटला कधी हात लावला नाही. खाला पुढे करायची, तर ते म्हणायचे, "नक्को. दुसऱ्याचा हाय."

अशी खूप वर्षं गेली. पोरांच्या हातात मोबाइल आले. माझ्याकडे बघून ती विचारू लागली, "चाचा, हे काय चार्जर हाय का?" मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण माझी दुपार ठरलेली होती.

मागच्या हिवाळ्यात खाला गेली. चाचांनी मला धुतलेल्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं आणि कपाटात सगळ्यात वर ठेवलं. दुपारी ते सुई घेऊन बसायचे, पण शिवायचे नाहीत. मीही बंद, तेही बंद.

मग दिपाली आली. ही नांदेडची. नायगावला कचेरीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यासारखे जुने गेम शोधत फिरते. तिचा नवरा नागसेन म्हणतो, "बाकीच्यांच्या बायका सोनं घेतात, हिनं भंगार घेतलं." इंटरनेटवर आमचे भाव आता आभाळाला लागले आहेत, असं म्हणतात. मला ते ऐकून बरंही वाटतं आणि हसूही येतं. दिपालीला ते भाव झेपत नाहीत. म्हणून तिने आपली रीत बसवली आहे. दुकानात जायचं नाही, घरात जायचं. परीक्षा संपून पोरं खोल्या सोडतात तेव्हा लातूरला यायचं आणि मेसवाल्या बायकांना विचारायचं. 'चांगला गेम आहे का' असं विचारायचं नाही, 'बंद पडलेला आहे का' असं विचारायचं. आणि वस्तू दिसली की चेहरा कोऱ्या पाटीसारखा ठेवायचा, कारण चेहरा खुलला की भाव चढतो.

चाचा तेव्हा घर आवरत होते. गल्लीत जागोजागी वसतिगृहं उठत होती आणि त्यांचं घरही पाडायचं ठरलं होतं. मुलगी मनतशा त्यांना नांदेडला घेऊन जाणार होती. दिपालीने दारातून विचारलं आणि चाचांनी कपडा सोडून मला दाखवलं.

"अय्यो!" दिपाली ओरडली. "ह्योच! ह्योच पाहिजे होता मला! आमच्या शेजारी होता असाच, पण मला कधी हात लावू दिला न्हाई!"

अशी तिची कोरी पाटी पहिल्याच क्षणी भरली. मग ती जीभ चावून म्हणाली, "म्हणजे... बंद असंल ना?"

चाचा किती दिवसांनी हसले. "चालू हाय बेटा. पण इकायचा न्हाई. माझा न्हाई तो." त्यांनी तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बिलकीसनं जबान दिली व्हती. पोरगा डॉक्टर झाला न्हाई, म्हणून देता येत न्हाई. दुसऱ्याची वस्तू सामानात भरून नांदेडला नेणं बरं न्हाई. आणि हितं तर घरच ऱ्हाईना. तिचं एवढं एक काम माझ्याच्यानं हुईना झालं."

दिपालीने सुटलेला कपडा पुन्हा माझ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "चाचा, अट ज्यांनी घातली त्यांनाच विचारू की. औसा काय लांब हाय?" खरं सांगायचं तर तिच्या पोटात थोडा लोभ होताच. अट सुटली तर शरणप्पा तिला मला स्वस्तात देईल, असं तिला वाटत होतं. तिने ते लपवलं नाही. एसटीत तिने चाचांना सांगूनही टाकलं. चाचा म्हणाले, "माग की. त्याचा असंल तर त्यो देईल." पण मला त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरलं होतं.

शरणप्पाचं औशाला घराला लागूनच मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे पाण्याच्या मोटारींच्या तारा गुंडाळून देतो. केस पिकले आहेत. चाचांना बघून तो पाया पडायला वाकला आणि मला बघून तसाच वाकलेला राहिला. खाला गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ते ऐकून तो दुकानाच्या पायरीवर बसला. "नुसतं लाजून आलो न्हाई, चाचा. काय तोंड घेऊन येऊ, म्हणलं. दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आणि..."

चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी साखराबाईला हाक मारली. ती काठी टेकत बाहेर आली. चाचांनी अट जशीच्या तशी सांगितली.

"म्या असं म्हणले?" साखराबाई म्हणाली. "मला तर काईच आठवंना. त्या दिवशी एसटीची घाई व्हती, त्या भरात बोलले आसंन."

मग दिपालीला हसू फुटलं, मग शरणप्पाला. "माय, तुझ्या त्या एका बोलण्यापायी मी जन्मभर त्या गल्लीत गेलो न्हाई!"

"मग मला इचारायचं न्हाई का रे, गाढवा?" साखराबाई ओरडली. मग ती चाचांकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "द्या त्याला. झालं गेलं."

चाचा मला सोडायला तयार होईनात. "पण तुमी म्हणला व्हता, म्या सोता मागितलं तरी देऊ नका."

साखराबाईने विचार केला. "म्या कुटं मागतेय? म्या तर सोडतेय. माझी अट म्या सोडली. तुमच्या घरच्यांची जबान पुरी झाली. आता ठिवा खाली."

तेव्हा चाचांनी मला शरणप्पाच्या हातात दिलं. दिल्यावर त्यांचे हात तसेच पुढे राहिले.

शरणप्पाने मला उलटसुलट करून पाहिलं. धूळ नाही, बटणं मोकळी. "हा तर परवा चालवल्यासारखा हाय."

"बिलकीस चालवायची," चाचा म्हणाले. "रोज दुपारी. पक्की तरबेज झाली व्हती. नदी वलांडून पार किल्ल्यात जायची."

"खाला?" शरणप्पाला विश्वास बसेना. "मला तर ती नदी कधीच जमली न्हाई!" तो मोठ्याने हसला, डोळे पुसले आणि मला पुन्हा चाचांच्या हातात ठेवलं. "चाचा, हा माझा हाय ना आता? मग मी तुमाला दिला. अमानत न्हाई. दिला. तुमचा."

आता दिपाली पुढे सरकली. पिशवीचे बंद तिने आधीच सोडले होते. "चाचा, आता तर तुमचाच झाला. आता इकता येतो ना?"

"येतो की." चाचांनी मला पोटाशी धरलं. "पण आता कशाला इकू? आता माझा हाय."

दिपालीने कपाळावर हात मारला. साखराबाई म्हणाली, "बस आता पोरी. चहा घे, त्यो फुकट हाय."

दिपालीच्या पिशवीत लाल-पिवळी वायर कायम असते. तिने ती शरणप्पाच्या टीव्हीला लावली. शरणप्पाने कॅसेटमध्ये फुंकर मारली. पडदा उजळला. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. त्यांनी रिमोट हातात घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. इतकी वर्षं दुसऱ्याला 'उडी मार' म्हणणारा माणूस स्वतः उडी मारताना किती घाबरतो, ते मी पाहिलं.

"आता! आता उडी, चाचा!" साखराबाई काठी आपटून ओरडत होती.

मित्रांनो, सध्या मी नांदेडला मनतशाच्या घरी राहतो. दिपाली सुट्टीला येते, मला आतून ब्रशने साफ करते आणि हळूच विचारते, "विचार बदलला का?" चाचा म्हणतात, "न्हाई. पण बेटा, ती मोटरसायकलच्या शर्यतीची कॅसेट कुठं स्वस्तात मिळंल का? तू म्हणतीस तसं, बंद पडलेली असली तरी चालंल." परवा ते स्वतःच जुन्या बाजारात जाऊन चेहरा कोरा ठेवून उभे राहिले होते. कॅसेट मिळाली नाही, पण एक रिमोट आणला. दोघांनी खेळायला दुसरा हवाच होता.

माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. घरात जुना गेम असेल तर अधूनमधून त्याला चालवा. ठेवून ठेवून आम्ही टिकत नाही. फुंकर मारताना थुंकी उडवू नका. आणि कोणाची वस्तू तुमच्याकडे, किंवा तुमची दुसऱ्याकडे राहिली असेल, तर लाजू नका. जाऊन दार वाजवा. माणूस भेटतो तोवर जा. वस्तू थांबते हो, माणूस तेवढा थांबत नाही.

चाचांना ती नदी अजून जमलेली नाही. पण आज दुपारी ते अगदी काठापर्यंत पोहोचले होते.