आधी कोण सांगणार

"फोननं दर दहा मिनिटांनी सर्व्हरला विचारलं तर बिघडलं कुठे?" तुरात म्हणाला. "पोलिंग ठेव. लाइन तुटली तरी पुढच्या खेपेला विचारतो. आपला सर्व्हर म्हणजे म्हातारा घोडा आहे, बेर्मेत, पळवू नकोस."

"नाही. स्ट्रीमिंग. डॉक्टरनं नोंद केली की त्याच क्षणी नातेवाइकाच्या फोनवर."

"प्रसूतिगृहाचं ॲप आहे बाई, शेअर बाजाराचं नाही. आणि वाईट नोंद असली तर?"

"तीही. कुणाला विचारत फिरायला लागू नये."

तुरात नावाला साहेब होता. बेर्मेत हट्टाला पेटली की तो चहा आणायला उठायचा, तसा उठला.

तिचा हट्ट कामाचा नव्हता, सुडाचा होता. याच प्रसूतिगृहात काही वर्षांपूर्वी तिची बहीण बाळंतपणात गेली होती. आत कुणाला सोडत नाहीत, म्हणून बेर्मेत एकटीच अंगणात उभी होती. चौकशीच्या खिडकीत उल्कान नावाची परिचारिका बसायची. "एजे, काही कळलं?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं बेर्मेत विचारी. "अजून नाही," उल्कान मान न उचलता सांगे. आणि तीच बाई मधूनच "सुयुन्चू! सुयुन्चू! मुलगा झाला!" असं ओरडत बाहेर धावे, आणि आनंदलेले आजी-आजोबा गोड बातमी आधी आणणाऱ्याची बक्षिसी म्हणून तिच्या हातात नोटा, रुमाल, जे असेल ते कोंबत. बहीण दुपारीच संपली होती. बेर्मेतला ते संध्याकाळी कळलं, नारीनहून काका पोचल्यावर. मरणाची बातमी एकट्या पोरीला सांगत नाहीत, सोबत मोठं माणूस लागतं, ही रीत तिलाही ठाऊक होती. रीत गेली खड्ड्यात! गोड बातमीला पाय फुटतात आणि कडू बातमीसाठी आपण भिकाऱ्यासारखं खिडकी वाजवत राहायचं?

ॲप बसवायला ती गेली तेव्हा उल्कान जवळ आली. तिचे केस आता पांढरे झाले होते.

"पोरी, फोनला दहा मिनिटं मागे ठेव ना गं. सुयुन्चू म्हणत मीच आधी पोचले तर तुझं काय जातं? चोरी नाही करत, आनंदातलं मागते."

"मागायचे दिवस संपले, एजे," बेर्मेत म्हणाली. हे वाक्य तिनं कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं.

ॲप सुरू झालं त्या सकाळी ती मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिली. एका म्हातारीचा फोन वाजला आणि सगळं कुटुंब एकमेकांच्या गळ्यात पडलं. मागून उल्कान धावत आली. "सुयुन्..." म्हणता म्हणता थांबली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. बेर्मेतच्या काळजाला थंडावा मिळाला. छान वाटलं तिला, अगदी छान.

मग तलासहून आलेल्या एका तरुणाचा फोन वाजला. तो एकटाच होता. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सरळ खिडकीशी गेला.

"एजे," तो म्हणाला, "काही कळलं का हो?"

फोन त्याच्या हातात उघडाच होता. उल्काननं त्यावरची वाईट नोंद वाचली. ती बाहेर आली, त्याला बाकावर बसवलं, त्याच्या घरी फोन लावला आणि मामा येईपर्यंत त्याचा हात धरून शेजारी बसून राहिली. मामा आल्यावर तिनं दोघांना सगळं सुरुवातीपासून सांगितलं, जणू त्याला काही माहीतच नव्हतं. तेव्हा कुठे तो पोरगा रडला.

मामा त्याला घेऊन गेल्यावर बेर्मेत उल्कानपुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या शेजारी का नाही बसलीस?"

उल्काननं डोळे पुसले. "ओळखलं होतं मी तुला, ॲप बसवायला आलीस त्याच दिवशी. तुझी बहीण गेली तेव्हा धीर नाही झाला गं माझा. तुझ्याकडे बघवतही नव्हतं. हे असं बसणं मी तुझ्यानंतर शिकले."

"मग माझं काय?"

उल्कान बाकावर थोडी सरकली. बेर्मेत बसली नाही, आणि गेलीही नाही.