माल्नाची चाल

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता छपराखालच्या रिंगणात एक घोडी, एक मूल आणि चार मोठी माणसं होती. घोडी सतरा वर्षांची, नाव माल्ना. मूल सहा वर्षांचं, नाव बोर्का. वजन सोळा किलो, आधाराशिवाय बसण्याचा आजवरचा उच्चांक अकरा सेकंद. माणसांत बोर्काची आई, मुलांना घोड्यावर बसवून उपचार करणाऱ्या या केंद्राची प्रमुख एमेशे, घोडीचा दोर धरणारे देझो बाची, म्हणजे देझोकाका, आणि मी. माझ्याकडे वही, स्टॉपवॉच आणि एक छोटा पडदा; पावलांची वेळ टिपून त्यावर रेषा उमटवणारं काडेपेटीएवढं यंत्र माल्नाच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेलं.

देझो बाचींनी तिसा नदीकाठच्या सहकारी शेतीच्या दूधगाडीवर तीस वर्षं घोडे हाकले. एका हिवाळ्यात गाडी घसरली, त्यांचा डावा पाय चाकाखाली आला आणि दोन सेंटिमीटर आखूड राहिला. पुढे शेती मोडली, घोडे विकले गेले. अकरा वर्षांपूर्वी ते इथे आले आणि त्यांनी माल्नाचा दोर धरला. तेव्हापासून तो दुसऱ्या कुणी धरला नव्हता.

चालत्या घोडीची कंबर माणसाच्या कमरेसारखी हलते. जे मूल कधी चाललेलंच नाही, त्याच्या अंगाला चालणं म्हणजे काय हे तिच्या पाठीवर कळतं. पण त्यासाठी घोडीची पावलं सारखी पडायला हवीत. एमेशेला शंका होती की लंगड्या माणसाबरोबर चालून माल्नाही लंगडायला शिकली असेल. आकडे वाईट आले तर सोमवारपासून दोर दुसऱ्याच्या हातात जाणार होता. बाचींना हे ठाऊक होतं.

"काय गं डॉक्टरीण," ते मला म्हणाले, "ताप घोडीला आहे की मला?"

"मी डॉक्टर नाही, बाची. भौतिकशास्त्र शिकलेय."

"मग त्या डबीत काय दिसतं? माझं वय?"

"तुमचं वय घोडीलाही दिसतं," एमेशे म्हणाली. "चला, एक फेरी."

पहिल्या फेरीत बाची अजिबात लंगडले नाहीत. लग्नाच्या मिरवणुकीत चालावं तसे ताठ चालले. बिघडली ती माल्ना. चार पावलं टाकायची, अडखळायची, मान वळवून बाचींकडे बघायची. बोर्का उजवीकडे कलली होती, दोन्ही मुठींत पट्टा घट्ट धरून.

"बाची, ही झोपलीय का?" तिने विचारलं.

डाव्या-उजव्या पावलांत नऊ शतांश सेकंदांचा फरक आला. एमेशेने आकडा पाहिला आणि माल्नाचा दोर स्वतःच्या हातात घेतला. "बसा जरा, बाची."

ते बाकावर बसले. बोर्काच्या आईने पोगाचाचा, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांचा डबा पुढे केला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग डावा बूट काढून त्यातून काळ्या नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा ओढला. दोन पदरी, कडेने शिवलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"टोपीची कड. रविवारची टोपी."

"चर्चला घालून जाता ती कापलीत?"

"चर्चमध्ये डोकं उघडंच ठेवतात." त्यांनी बूट पुन्हा चढवला. "परीक्षेला नीट जावं, म्हटलं."

मी त्यांना नमद्याशिवाय माल्नाला चार पावलं चालवून दाखवायला सांगितलं. त्यांच्या पायाकडे न बघता हाताकडे बघितलं. दर डाव्या पावलाला हात खाली जात होता आणि दोर दोन बोटं ओढला जात होता. माल्नाची मान बरोबर तेवढी झुकून त्याला उत्तर देत होती. मघाशी तो हलका हिसका आलाच नव्हता. माल्ना फेरीभर त्याची वाट बघत होती.

"रेका, हे तुमच्या पुस्तकात आहे का?" एमेशेने विचारलं.

"नाही."

"मग पुन्हा मोजू या."

"पुन्हा लंगडू?" बाची म्हणाले. "सगळ्यांसमोर?"

"अगदी मनसोक्त," एमेशे म्हणाली.

ते निघाले. एमेशे बोर्काच्या कमरेला तळवा लावून शेजारून चालू लागली. बाचींचा खांदा दर पावलाला बुडत होता, वर येत होता. माल्नाने मान सैल सोडली. पडद्यावरची रेषा इतकी एकसारखी उमटू लागली की यंत्र अडकलं असं वाटून मी दोनदा घोडीकडे पाहिलं. ती चालत होती. अकरा वर्षं ती त्यांचं लंगडणं स्वतःच्या मानेवर झेलत होती आणि पाठीपर्यंत पोचू देत नव्हती.

पहिला कोपरा ओलांडल्यावर बोर्काने एक हात पट्ट्यावरून उचलला. मग दुसरा. तिची पाठ सरळ होती. एमेशेने आपला तळवा तिच्या कमरेपासून काढून घेतला आणि तसाच हवेत धरला. मी स्टॉपवॉच दाबलं. बोर्काची आई डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहिली.

दोर धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. बाची समोर बघतच म्हणाले, "का गप्प झालात? काय झालं?"

"काही नाही," एमेशे म्हणाली. "चालत राहा."

ते चालत राहिले.

फेरी संपल्यावर मी वहीत लिहिलं: दोर, देझो बाची. पावलं एकशे अडतीस. डाव्या-उजव्या पावलांतला फरक, एक शतांश सेकंद. आधाराशिवाय बसणं, बावन्न सेकंद.